आतून की बाहेरून?

परळमध्ये केईएम आणि टाटा मेमोरियल हाकेच्या अंतरावर आहेत. जवळच लहान मुलांचं वाडिया, थोडं पुढे कामगारांचं महात्मा गांधी इस्पितळ. या टापूत दाताचा दवाखाना चालवणाऱ्याकडे नुसती दाढ दुखते म्हणून येणारा माणूस कमी. येणाऱ्याच्या काखेत बहुतेक वेळा दुसऱ्याच आजाराची फाइल असते. कुणाच्या हृदयाची झडप बदललेली, कुणाचं डायलिसिस चालू, कुणाला पुढच्या आठवड्यात किरणांसाठी बोलावलेलं. दाढेचं दुखणं तो सगळ्यात शेवटी सांगतो, तेही रात्रभर झोप लागली नाही म्हणून.

लालबागच्या बाजूला बरीच वर्षं दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा हा अनुभव. स्वतःचं आणि पेशंटांचं नाव येऊ नये, एवढीच त्यांची अट होती. शिक्षण मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात झालं. महापालिकेचं हे कॉलेज १९३३ सालचं. सुरुवातीची उमेदवारी गिरगावातल्या एका जुन्या दवाखान्यात झाली. रूट कॅनाल ही त्यांची खासियत, म्हणजे दात वाचवणं हाच त्यांचा धंदा. तरीही दात काढा असं त्या जेव्हा सांगतात, तेव्हा ठामपणे सांगतात. आणि दुसऱ्या कुणी काढायला सांगितलेला दात त्या कधीकधी तितक्याच ठामपणे तोंडात ठेवतात.

त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले, तर नवख्याला ते एकाच माणसाचे वाटतील. खालची पहिली दाढ, वरचा भाग किडून ढासळलेला, दोन्ही मुळांच्या टोकाशी हाडात काळी सावली. एक दाढ त्यांनी मुळासकट काढायला लावली. दुसरीची मुळं आतून स्वच्छ करून, सील करून हाडात तशीच ठेवली. दोन्ही निर्णय बरोबर होते. असं का, हे समजलं की दाताच्या इन्फेक्शनवर शस्त्रक्रिया कधी आणि शस्त्रक्रियेविना उपचार कधी, याचं अर्धं उत्तर मिळतं.

दात किडतो तेव्हा कीड आधी वरचं कठीण कवच पोखरते, मग त्याखालचा मऊ थर, आणि शेवटी आतल्या पोकळीत पोचते. तिथे नस असते, बारीक रक्तवाहिन्या असतात. जंतू तिथे शिरले की सूज येते, पण भोवती कठीण भिंती असल्यामुळे सुजेला फुगायला जागा नसते. रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढतो तो त्यामुळेच. काही दिवसांनी नस मरते आणि ठणका थांबतो. इथे बहुतेक माणसं फसतात. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं वाटतं, आणि तिकडे मेलेल्या नसेच्या नळ्यांत जंतूंचं बस्तान बसलेलं असतं. त्यांचं विष मुळाच्या टोकातून हाडात झिरपतं, हाड विरघळतं, तीच एक्स-रेमधली काळी सावली. पुढे कधीतरी हिरडीवर पुळी येते, पू येतो, गाल सुजतो.

जंतूच खरे अपराधी, हे १९६५ साली अमेरिकेतल्या काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर दाखवून दिलं. त्यांनी दोन प्रकारच्या उंदरांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी केली. साध्या उंदरांची नस सडली. पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा मात्र अन्नाचे कण आत अडकूनही सावरल्या, उघड्या नसेवर नवा थर धरला. आजचा सगळा उपचार या प्रयोगाच्या पायावर उभा आहे. जंतू घालवा, उरलेलं शरीर करतं.

मग गोळी का पुरत नाही? हा प्रश्न डॉक्टरबाईंना रोज ऐकावा लागतो. केमिस्टकडून पाच दिवसांचं अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी घेऊन, बरं वाटल्यावर सोडून देऊन, महिन्याभराने पुन्हा सुजलेला गाल घेऊन येणारे लोक या भागात पुष्कळ. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, म्हणून रक्तातून जाणारं औषधही पोचत नाही. गोळीने बाहेर पसरलेली सूज उतरते, उगम जागच्या जागी राहतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलं: दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असेल, तर बहुतेक दाढदुखीत अँटिबायोटिक देऊ नये. ताप असेल, सूज पसरत असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे नेमकं उलट चालतं, आणि त्याची किंमत साऱ्या शहराला मोजावी लागते, कारण अशा अर्धवट डोसांनीच जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

जंतूंपर्यंत पोचायचे रस्ते दोन. एक दाताच्या माथ्यावरून, आतून. दुसरा हिरडी उघडून, हाडातून, बाहेरून. दात काढणं हा तिसरा, आणि तोही शस्त्रक्रियेचाच प्रकार.

आतून जायचं म्हणजे रूट कॅनाल. लोकांना वाटतं, नस मारली, सिमेंट भरलं, झालं. प्रत्यक्षात काम धीराचं असतं. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून थुंकी अडवायची, माथ्याला छोटं दार पाडायचं आणि बोटांच्या पेरांत धरलेल्या ‘फाइल’ नावाच्या बारीक कानशीने एकेक नळी चाचपत खाली जायचं. डॉक्टरबाई पहिली फाइल हातानेच घालतात, मशीन नंतर. वाट कुठे वळते, कुठे अडते, ते बोटांना कळतं. मुळाच्या टोकाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. त्यापलीकडे हाड आहे. सोबत सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण सोडत राहायचं. हे ब्लीचमधलंच रसायन, त्याचा वास दवाखान्याच्या दारापर्यंत येतो. फाइल नळीच्या भिंती खरवडते, पण जिथे फाइल शिरत नाही त्या फाट्यांतले जंतू या द्रावणानेच मरतात. म्हणून घाई नडते. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात अर्ध्याहून अधिक लोकांना एक बारीक जादा नळी असते. ती शोधायला वेळ दिला नाही, तर बाकीच्या तिन्ही नळ्या कितीही चांगल्या भरल्या तरी दाढ पुन्हा दुखायला लागते. रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा दुखते म्हणून येणाऱ्यांत ही राहिलेली नळी त्यांना वारंवार सापडते.

शेवटी गटापर्चाने नळ्या भरायच्या. हा झाडाच्या चिकापासून होणारा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून दंतवैद्यकात आहे आणि अजून त्याला पुरता पर्याय सापडलेला नाही. वर कॅप बसवायची. कॅप टाळली तर मेलेली दाढ फुटते, आणि उभी चिरली की ती कोणत्याही उपचाराने वाचत नाही.

सावली मोठी असली की काही डॉक्टर ‘सिस्ट आहे, ऑपरेशन लागेल’ असं पहिल्याच भेटीत सांगून टाकतात. त्यावर झुरिकमध्ये काम करणारे पी. एन. आर. नायर यांचा १९९६ सालचा अभ्यास डॉक्टरबाईंना महत्त्वाचा वाटतो. मुळाच्या टोकाशी असलेल्या २५६ गाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासल्या. त्यांत सिस्ट निघाल्या जेमतेम १५ टक्के. बाकीची सूज आणि गळवं. आतले जंतू गेले की ही सूज बहुतेकदा आपली आपण भरून येते. फक्त वेळ लागतो. सहा महिन्यांनी सावली लहान दिसायला लागते, वर्षभराने बरीच भरते, मोठी असेल तर चार वर्षंही लागू शकतात. या काळात पेशंटाने येऊन फोटो काढायचा असतो. दुखत नाही म्हटल्यावर येतो कोण?

बाहेरून जायची वेळही येते. गिरगावातल्या उमेदवारीत पाहिलेली एक केस डॉक्टरबाई अजून विद्यार्थ्यांना सांगतात. वाडीतल्या गोविंदा पथकातला तरुण. थर कोसळताना वरच्याच्या टाचेचा तडाखा बसून पुढचा दात हलला होता. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. वर्षं गेली, दात काळवंडला, कुठेतरी रूट कॅनाल झालं, आत धातूचा खिळा ठोकून त्यावर कॅप बसली. लग्न ठरलं आणि हिरडीवर पुळी उठली. दाबली की पू यायचा. आतून पुन्हा जायचं तर खिळा उपटायला हवा होता, आणि एवढ्या पातळ मुळातून तो ओढताना मूळ चिरण्याचीच भीती जास्त होती. आतली वाट अशी बंद असते तेव्हा बाहेरची धरावी लागते.

सुन्न करायचं इंजेक्शन देऊन हिरडी उचलली. खाली मुळाच्या टोकावरचं हाड अंड्याच्या टरफलाएवढं पातळ उरलं होतं, अवजाराने दाबल्यावर आत बसलं. गाठ खरवडून काढली आणि तपासणीला पाठवली. मग मुळाचं टोक तीन मिलिमीटर कापलं. तीनच का, याला कारण आहे. मुख्य नळीला फुटणारे बारीक फाटे जवळजवळ सगळे शेवटच्या तीन मिलिमीटरांत असतात. तेवढं कापलं की जंतूंचे अड्डे त्याबरोबर जातात. जास्त कापलं तर मूळ आखूड होऊन दात हलायला लागतो. कापलेल्या तोंडावर निळा रंग लावून कुठे तडा आहे का बघितलं, टोकाकडून उलटी पोकळी कोरून सिमेंटने बंद केली आणि टाके घातले. तरुण आठवड्याभरात टाके काढून घेऊन गेला. दात, खिळा, कॅप सगळं जागेवर.

ही शस्त्रक्रिया पूर्वी बदनाम होती, आणि ते उगाच नव्हतं. डोळ्यांनी दिसेल तेवढ्यावर भागवायचं, मोठं ड्रिल वापरून मुळाचं टोक तिरकं छाटायचं, चांदीचं सिमेंट भरायचं. मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिकच्या बारीक सुया आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद यांनी आणलेलं एमटीए सिमेंट, या तिन्ही गोष्टींनी चित्र पालटलं. सेट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा जुन्या पद्धतीचं यश ५९ टक्के आणि मायक्रोस्कोपखाली केलेल्याचं ९४ टक्के भरलं. ऑपरेशन करायचंच असेल तर डॉक्टरकडे मायक्रोस्कोप आहे का, हा प्रश्न पेशंटाने न लाजता विचारावा.

पुन्हा रूट कॅनाल की शस्त्रक्रिया, या तुलनेचे आकडे नीट वाचायला हवेत, कारण ते काळाबरोबर बाजू बदलतात. तोराबिनेजाद यांच्याच गटाने २००९ मध्ये दोन्हींचे निकाल ताडून पाहिले. दोन ते चार वर्षांच्या टप्प्यावर शस्त्रक्रिया पुढे होती, सुमारे ७८ टक्के विरुद्ध ७१. चार ते सहा वर्षांवर पुन्हा केलेलं रूट कॅनाल ८३ वर पोचलं आणि शस्त्रक्रिया ७२ च्या आसपास घसरली. स्वीडनमध्ये क्विस्ट आणि राइट यांनी १९९९ साली ९५ दातांवर केलेल्या चाचणीतही वर्षभराने शस्त्रक्रियेकडचे दात जास्त भरलेले दिसले, चार वर्षांनी फरक उरला नाही. कारण समजायला सोपं आहे. बाहेरून टोक बंद केलं तरी आत राहिलेले जंतू मरत नाहीत, नुसते कोंडले जातात. कोंडलेल्याला फट सापडली की तो बाहेर येतो. आतून स्वच्छता केली तर हाड सावकाश भरतं, पण उगमच नाहीसा होतो. म्हणून डॉक्टरबाईंचा क्रम ठरलेला: आतून जाता येत असेल तर आधी आतून. ते शक्य नसेल, किंवा नीट करूनही सावली वाढत असेल, तर बाहेरून. यातले जुन्या शस्त्रक्रियेचे आकडे आजच्या मायक्रोस्कोपखालच्या कामाला तसेच लावता येत नाहीत, हेही खरं. पण क्रम बदलावा असं त्यांना अजून वाटलेलं नाही.

हा झाला पाठ्यपुस्तकाचा भाग. परळमध्ये तो पुरत नाही.

टाटा मेमोरियल १९४१ पासून परळमध्ये आहे. देशभरातून तिथे येणाऱ्यांतले बरेच दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाला किरण द्यायचे ठरले की त्याआधी दातांची तपासणी होते. किरणांनी गाठ जळते, तशा जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही बंद पडतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच बेताचा. अशा हाडातून पुढे कधी दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, कुजतं, कधी जबडा मोडतो. हा धोका वर्षा-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. म्हणून किरणांच्या वाटेत येणारी, भरवशाची नसलेली दाढ आधीच काढतात. एरवी याच दाढेला डॉक्टरबाईंनी रूट कॅनाल करून कॅप बसवली असती. सुरुवातीला दिलेल्या दोन एक्स-रेंपैकी पहिला असाच होता. माणूस विनवत होता, ‘मॅडम, दुखत नाही, राहू दे ना.’ त्यांनी समजावून काढायला लावली.

दुसरा एक्स-रे एका बाईंचा. स्तनाचा कर्करोग हाडात उतरलेला, आणि हाडं मोडू नयेत म्हणून शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन ठरावीक दिवसांनी चालू. दाढ इतकी ढासळलेली की कुणीही काढूनच टाकली असती. गावाकडच्या डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. त्या धर्मशाळेत राहत होत्या, सोबत मोठी जाऊ. कुठली औषधं चालू आहेत, असं डॉक्टरबाईंनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘काही नाही.’ जाऊबाई लगेच म्हणाल्या, ‘अगं, ते हाडाचं इंजेक्शन घेतेस की!’ त्या एका वाक्याने उपचार बदलला. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्याबरोबर हाडाची दुरुस्तीही मंदावते. मायामीचे रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये अशा औषधांवर असलेल्या ३६ पेशंटांच्या जबड्याची हाडं उघडी पडल्याची नोंद केली, आणि दात काढणं हे त्याचं मोठं निमित्त असल्याचं पुढे स्पष्ट होत गेलं. म्हणून टाटाच्या डॉक्टरांशी बोलून त्या दाढेचा मोडका माथा हिरडीबरोबर सपाट केला, मुळं आतून स्वच्छ केली, भरली आणि सील केली. चावायला ती दाढ निरुपयोगी. पण हाडाला कुणी हात लावला नाही, इन्फेक्शन थांबलं, बाईंना जेवता यायला लागलं.

दात वाचवणं म्हणजे नेहमी पेशंटाचं भलं असं नाही, आणि दात काढणं म्हणजे नेहमी सोपा मार्ग असंही नाही. हे या दोघांनी डॉक्टरबाईंना जितकं शिकवलं तितकं कॉलेजने शिकवलं नव्हतं, असं त्या म्हणतात.

केईएमच्या फाइली वेगळ्या. संधिवाताच्या तापाने लहानपणी झडपा खराब झालेली, मग कृत्रिम झडप बसवलेली माणसं. त्यांच्या दाताच्या मुळाशी राहिलेले जंतू रक्तातून झडपेवर बसले तर जिवावर बेततं. इथे इन्फेक्शन अर्धवट ठेवून चालत नाही. हिरडीला किंवा मुळाच्या टोकाला धक्का लागणार असेल, तर तासभर आधी अमॉक्सिसिलिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस दिला जातो. रक्त पातळ करायची गोळी चालू असतेच. घरचे लोक धास्तीने ती आपल्या मनानेच बंद करून येतात, आणि डॉक्टरबाई सगळ्यात जास्त याच गोष्टीवर रागावतात. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर साडेतीनच्या आत असेल तर साधा दात गोळी चालू ठेवूनही काढता येतो, रक्त जागच्या जागी थांबवता येतं. गोळी थांबवून झडपेवर गुठळी झाली तर ती कुणाच्या हातात राहत नाही. रूट कॅनालमध्ये तर रक्त जवळजवळ जातच नाही. त्यामुळे अशा माणसांत आतली वाट आणखी सोयीची.

गिरणगावातल्या जुन्या घरांतून येणाऱ्यांत एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे तोंड न उघडणं. सुपारी आणि गुटख्याने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी हा आजार १९५३ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण ताठ झालेले गाल बंदीने मोकळे होत नाहीत. धडधाकट माणसाच्या तोंडात उभी तीन बोटं जातात. यांच्या तोंडात एक जेमतेम. मागच्या दाढेत फाइल घालायची तर हात, मशीन आणि फाइल तिन्हींना जागा हवी, ती नसते. वाचवता येण्यासारखी दाढ केवळ वाट नाही म्हणून काढावी लागते, आणि काढणंही अवघड जातं. तरुण मुलाच्या बाबतीत असं होतं तेव्हा डॉक्टरबाईंना सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आणि मग तातडीची केस, जिथे निवड करायला वेळच नसतो. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जबड्यात इतकी खाली असतात की तिथला पू हनुवटीखाली, जिभेखाली उतरतो. जर्मनीचे फोन लुडविग यांनी १८३६ मध्ये या सुजेचं वर्णन केलं. लालबागमधला एक मधुमेही गृहस्थ गणपतीच्या दिवसांत अशी सूज घेऊन आला. जबड्याखालचा भाग लाकडासारखा घट्ट, जीभ वर उचललेली, बोलताना आवाज जाड, लाळ गिळता येत नव्हती. त्याने आठवडाभर गोळ्यांवर ढकललं होतं, विसर्जनानंतर बघू म्हणून. दवाखान्यात त्याच्या तोंडाला हातही न लावता डॉक्टरबाईंनी माणूस सोबत देऊन त्याला केईएमच्या तातडीच्या विभागात पाठवलं. अशा वेळी श्वासनलिका बंद पडू शकते. आधी श्वास, मग जबड्याखाली छेद देऊन पू काढणं, मग दाढ. तिथे वेळेत पोचला म्हणून तो वाचला. शस्त्रक्रियेला पर्याय नसतो, तो इथे.

याच दिवसांत दुसरा प्रकार घडतो. रूट कॅनालची पहिली बैठक होते, आतला पू निघतो, दुखणं थांबतं, वर तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं. माणूस गणपतीला कोकणात जातो आणि मग थेट दिवाळीनंतर उगवतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं. ते झिजलं की थुंकीबरोबर जंतू पुन्हा आत, आणि अर्धं स्वच्छ केलेलं घर पुन्हा भरतं. जे काम दोन बैठकांत झालं असतं ते कधी ऑपरेशनवर जातं, कधी दाढच जाते. आतल्या वाटेचा हाच एक मोठा तोटा: तिला पेशंटाची साथ लागते. नोकरीतली रजा, लोकलचा प्रवास, हप्त्याने येणारे पैसे, हे सगळं गृहीत धरून डॉक्टरबाई आता शक्य तिथे एकाच बैठकीत काम पुरं करतात. जो खरंच परत येऊ शकणार नाही, त्याला नायरचा किंवा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा रस्ता सुचवतात. तिथे खर्च कमी होतो, रांगेत मात्र वेळ द्यावा लागतो.

दाढ काढली की डोळे जातात, ही समजूत अजून गिरगावापासून दादरपर्यंत शाबूत आहे. तिच्या धास्तीने म्हातारी माणसं सडलेली मुळं वर्षानुवर्षं तोंडात ठेवतात. दातांची नस आणि दृष्टीची नस मेंदूतून वेगवेगळ्या निघतात, डॉक्टरबाई कागदावर रेघा काढून दाखवतात. काहींना पटतं. उलट्या टोकाची समजूत शिकलेल्यांत आहे: रूट कॅनाल केलेला दात शरीरात विष सोडतो. ही शंभर वर्षांपूर्वीच्या एका सिद्धांताची उरलेली सावली. १९१० साली विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलमध्ये दातांतल्या इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीराचे आजार होतात असं व्याख्यान दिलं, आणि पुढची दोन-तीन दशकं पाश्चात्त्य देशांत निरोगी दातही धडाधड उपटले गेले. संधिवात त्याने बरे झाले नाहीत. नीट केलेलं रूट कॅनाल किती टिकतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या नोंदींतून मिळालं: २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात १४ लाखांहून अधिक दातांपैकी ९७ टक्के आठ वर्षांनीही तोंडात होते.

डॉक्टरबाईंची वाचकांकडे एकच मागणी आहे. घरात कुणाच्या तोंडाला किंवा घशाला किरण सुरू होणार असतील, हाडाचं इंजेक्शन लागणार असेल किंवा झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल, तर तारीख पक्की होण्याआधी त्या माणसाला दाताच्या डॉक्टरकडे न्या. सोबत सगळ्या औषधांची चिठ्ठी असू द्या, दाढ दुखत नसली तरी. किरणांआधी काढलेल्या दाढेची जखम भरायला किमान दोन आठवडे हातात लागतात.